कार्ल अलेक्सांडर क्लेर्क

कार्ल अलेक्सांडर क्लेर्क (१७०९ – २२ जुलै १७६५) हे स्वीडनमधील कोळी व कीटकांचे अभ्यासक होते. १७५७ साली प्रसिद्ध झालेला ‘स्वेन्स्का स्पिंडलार’ (अर्थ: स्वीडनमधील कोळी) हा त्यांचा ग्रंथ कोळीशास्त्राचा पाया मानला जातो. प्राण्यांच्या जातींना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत सातत्याने वापरणारा हा पहिला प्राणिशास्त्रीय ग्रंथ होय. या पद्धतीचे जनक कार्ल लिनियस यांनी ती प्राण्यांना लागू केली १७५८ साली, म्हणजे क्लेर्क यांच्या ग्रंथानंतर. त्यामुळे प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत क्लेर्क यांच्या नावांना आजही विशेष स्थान आहे.

एकसारख्या दिसणाऱ्या कोळ्यांच्या जाती अंगावरच्या खुणा, डोळ्यांची मांडणी आणि राहणी यांवरून वेगळ्या ओळखण्याचा पद्धतशीर प्रयत्न क्लेर्क यांनी केला. त्यांनी वेगळ्या ठरवलेल्या बहुतेक जाती पुढील अडीचशे वर्षांच्या तपासणीत टिकल्या, तर काही ठिकाणी खुणांनी त्यांची दिशाभूल केल्याचे उघड झाले. या यशापयशातून कोळ्यांच्या अंगावरील खुणांवर किती विसंबावे, हे पुढील अभ्यासकांना कळत गेले.

जन्म, शिक्षण आणि नोकरी

क्लेर्क यांचा जन्म १७०९ साली झाला. त्यांचे घराणे कनिष्ठ सरदार वर्गातील होते. मात्र घरची आर्थिक स्थिती बेताची होती. १७२६ साली त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. लिनियस दोन वर्षांनी, १७२८ साली, त्याच विद्यापीठात दाखल झाले. पैशाअभावी क्लेर्क यांना शिक्षण अर्धवट सोडून सरकारी नोकरी धरावी लागली. पुढे ते स्टॉकहोम शहराच्या प्रशासनात काम करू लागले. ते विद्यापीठात अध्यापक नव्हते, की त्या काळच्या अनेक निसर्ग-अभ्यासकांप्रमाणे वैद्यकीचा व्यवसायही करत नव्हते. कोळी व कीटकांविषयीचे त्यांचे सारे काम नोकरी सांभाळून झालेले आहे.

निसर्ग-अभ्यासाकडे ओढा

निसर्गविज्ञानाकडे क्लेर्क तुलनेने उशिरा वळले. १७३९ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी स्टॉकहोम येथे लिनियस यांचे व्याख्यान ऐकले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. लिनियस त्या वेळी स्टॉकहोममध्ये वैद्यकी करत होते. रॉयल स्वीडिश ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेची स्थापनाही त्याच वर्षी झाली आणि लिनियस हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. देशातील वनस्पती, प्राणी आणि खनिजे यांची नोंद करणे हे राष्ट्राच्या उपयोगाचे काम आहे, अशी भावना तेव्हाच्या स्वीडनमधील शिक्षित वर्गात वाढीस लागली होती.

पुढील काळात क्लेर्क यांनी कोळी गोळा करण्यास, त्यांची गटवारी करण्यास आणि त्यांच्या सवयींची निरीक्षणे नोंदवण्यास सुरुवात केली. कोळी हा अभ्यासविषय त्या काळी बराच उपेक्षित होता. फुलपाखरे व भुंगेरे टाचणीला टोचून वाळवले तरी त्यांचे रूप पुष्कळसे टिकते. म्हणून हौशी संग्राहकांचा ओढा त्यांच्याकडे असे. कोळ्याचे उदर मऊ असते. ते वाळल्यावर आक्रसते व रंग नाहीसे होतात. मद्यार्कात ठेवल्यास आकार टिकतो, पण हिरवे, पिवळे व लाल रंग बहुधा फिके पडतात. साहजिकच कोळ्यांच्या खुणांचा अभ्यास करणाऱ्यास जिवंत प्राण्याचे निरीक्षण आणि रंगीत चित्र यांचा आधार घ्यावा लागे.

क्लेर्क यांच्यापूर्वी इंग्रज वैद्य मार्टिन लिस्टर यांनी १६७८ साली इंग्लंडमधील कोळ्यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला होता. लिस्टर यांची निरीक्षणे बारकाईची होती. परंतु त्यांच्या ग्रंथात प्रत्येक जातीसाठी छोटे, ठरावीक नाव नव्हते. एखाद्या कोळ्याचा उल्लेख करायचा तर त्याच्या वर्णनाचे संपूर्ण वाक्य द्यावे लागे. क्लेर्क यांच्या ग्रंथाने ही अडचण दूर केली.

‘स्वेन्स्का स्पिंडलार’

हा ग्रंथ १७५७ साली स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झाला. ‘आरानेई स्वेसिसी’ हे त्याचे लॅटिन नाव होय. मजकूर स्वीडिश भाषेत असून त्याखाली लहान टाइपात लॅटिन भाषांतर दिलेले आहे. या द्विभाषिक मांडणीमुळे ग्रंथ स्वीडनमधील सामान्य वाचकास आणि युरोपातील अन्य विद्वानांस एकाच वेळी वाचता आला. साठाहून थोड्या अधिक जातींचे वर्णन त्यात आहे. सोबत सहा चित्रपट्टे असून त्यांतील आकृत्या रंगवलेल्या आहेत. एका देशातील प्राण्यांच्या एकाच गटावर लिहिलेल्या जगातील सुरुवातीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

जातींच्या वर्णनापूर्वी क्लेर्क यांनी कोळ्यांची शरीररचना व वर्तन यांविषयी सर्वसाधारण विवेचन केले आहे. त्यांच्या गटवारीत दोन गोष्टींना महत्त्व आहे. पहिली, डोळ्यांची मांडणी. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. पण ते ओळींत कसे बसवलेले आहेत आणि त्यांतले कोणते मोठे आहेत, हे गटागटांत बदलते. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे पुढचे मधले दोन डोळे ठळकपणे मोठे असतात. लांडगा कोळ्यांत पुढे चार लहान डोळ्यांची ओळ व तिच्या मागे चार मोठे डोळे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे भक्ष्य पकडण्याची रीत. उभे वर्तुळाकार जाळे विणणारे, अस्ताव्यस्त धाग्यांचे जाळे करणारे, कापडासारखे दाट जाळे विणणारे आणि जाळे न करता शिकार करणारे असे गट त्यांनी पाडले. पाण्याखाली हवेचा बुडबुडा साठवून राहणाऱ्या कोळ्याला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. हा पाणकोळी आज अर्जिरोनेटा अक्वाटिका या नावाने ओळखला जातो.

गट अशा रीतीने ठरल्यावर गटातील जाती वेगळ्या करण्यासाठी मात्र क्लेर्क यांचा भर मुख्यतः उदरावरील खुणा, रंग आणि पायांवरील पट्टे यांवर राहिला. साध्या भिंगातून दिसणारी, शब्दांत सांगता येणारी आणि चित्रात दाखवता येणारी लक्षणे तीच होती.

द्विनाम पद्धतीचा वापर

द्विनाम पद्धतीत प्रत्येक जातीचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजाती आणि दुसरा जाती दर्शवतो. लिनियस यांनी १७५३ साली ही पद्धत वनस्पतींसाठी सर्वत्र वापरली. क्लेर्क यांनी चार वर्षांनी ती कोळ्यांना लागू केली. त्यांनी स्वीडनमधील सर्व कोळी ‘अरेनियस’ या एकाच प्रजातीत ठेवले आणि प्रत्येकाला वेगळे जातिनाम दिले. यांपैकी अनेक जातिनामे खुणांवरून घेतलेली आहेत. डायडेमाटस म्हणजे मुकुटधारी, क्वाड्राटस म्हणजे चौकोनी, मार्मोरियस म्हणजे संगमरवरी, तर लिनिएटस म्हणजे रेघांचा. नाव वाचताच कोळ्याचे मुख्य लक्षण आठवावे, असा त्यांचा उपयोग होता.

खुणांवरून जाती ओळखणे

गोलाकार जाळ्यांचे मोठे कोळी

अरेनियस डायडेमाटस हा क्लेर्क यांनी नाव दिलेला सर्वांत परिचित कोळी होय. उन्हाळ्याच्या अखेरीस युरोपातील बागांतून त्याची वर्तुळाकार जाळी दिसतात. त्याच्या उदरावर पांढऱ्या ठिपक्यांची फुली असते. हे पांढरे ठिपके रंगद्रव्याचे नसून त्वचेखाली साठलेल्या ग्वानीन या पदार्थाच्या स्फटिकांमुळे दिसतात. कोळ्याचा मूळ रंग फिकट पिवळसर तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत बदलतो, तरीही फुली बहुधा कायम राहते. म्हणजे येथे रंग फसवा आणि आकृती विश्वासार्ह असते.

अरेनियस क्वाड्राटस याच्या उदरावर चार ठळक पांढरे ठिपके चौकोनात असतात. या कोळ्याचा रंग हिरवट, पिवळसर किंवा विटकरी असू शकतो. तिन्ही रंगांचे कोळी शेजारीशेजारी ठेवल्यास ते एकाच जातीचे आहेत असे नवख्याला वाटत नाही. ठिपक्यांची मांडणी पाहिली की शंका फिटते. या दोन जाती क्लेर्क यांनी नेमक्या ओळखल्या आणि त्या आजही त्यांनी दिलेल्या नावांनीच ओळखल्या जातात.

तिसऱ्या उदाहरणात मात्र खुणेने त्यांना चकवले. संगमरवरासारखी नक्षी असलेल्या कोळ्यास त्यांनी अरेनियस मार्मोरियस हे नाव दिले. उदर फिकट पिवळे आणि मागील टोकास एकच मोठा गडद डाग असलेल्या कोळ्यास त्यांनी अरेनियस पिरॅमिडाटस म्हटले. दोहोंचे रूप इतके भिन्न आहे की त्यांना एक मानणे दृष्टीला पटत नाही. तथापि पुढील अभ्यासात पिरॅमिडाटस हे मार्मोरियसचेच एक रूप असल्याचे सिद्ध झाले.

तीन नावे, एक जाती

एनोप्लोग्नाथा ओव्हाटा या झुडपांवर राहणाऱ्या लहान कोळ्याचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. याचे उदर फिकट दुधी रंगाचे असून त्याची तीन रूपे आढळतात. एका रूपात उदरावर लाल रंग नसतो, फक्त काळ्या ठिपक्यांच्या ओळी असू शकतात. दुसऱ्यात उदराच्या दोन्ही कडांनी लाल पट्टे असतात. तिसऱ्यात उदराची वरची बाजू ढालीसारखी सलग लाल असते. क्लेर्क यांनी या तिघांना लिनिएटस, रेडिमिटस आणि ओव्हाटस अशी तीन वेगळी नावे दिली.

ही तिन्ही रूपे एकाच जातीची आहेत. त्यांतील फरक आनुवंशिक असून एकाच मादीच्या पिलांतून एकापेक्षा अधिक रूपे निपजू शकतात. भिंगातून उदराकडे पाहणाऱ्यास हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यासाठी अंड्यांपासून पिले वाढवून त्यांचे रंग पाहणे किंवा प्रजननाच्या अवयवांची तुलना करणे आवश्यक होते.

या कोळ्याची कथा येथे संपत नाही. १९८२ साली दोन फिनिश संशोधकांनी या गटाची पुन्हा तपासणी केली. तोपर्यंत एनोप्लोग्नाथा ओव्हाटा म्हणून नोंदवल्या गेलेल्या कोळ्यांत दुसरी एक जाती मिसळलेली असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तिला एनोप्लोग्नाथा लॅटिमाना हे नाव मिळाले. तिच्यातही लाल पट्ट्यांचे व बिनपट्ट्यांचे अशी रूपे आढळतात; म्हणून केवळ उदर पाहून ती ओव्हाटापासून खात्रीने वेगळी करता येत नाही. अशा रीतीने जिथे खुणा वेगळ्या होत्या तिथे जाती एकच निघाली आणि जिथे खुणा सारख्या होत्या तिथे जाती दोन निघाल्या.

पुलांवरील आणि बोरूंतील कोळी

लॅरिनिऑइडीस या प्रजातीतील कॉर्न्यूटस, स्क्लोपेटॅरियस आणि पॅटॅजिएटस या तीन जातींना क्लेर्क यांनीच नावे दिली. तिघांच्याही उदरावर पानाच्या आकाराची गडद तपकिरी नक्षी असते. ते आकाराने साधारण सारखे असून पाण्याच्या आसपास वारंवार सापडतात. स्क्लोपेटॅरियसमध्ये पानाच्या नक्षीची किनार व शिरोभागाची कड पांढऱ्या केसांनी उठून दिसते. त्याची वस्ती मुख्यतः पूल, कठडे व पाण्याजवळच्या इमारती यांवर असते. कॉर्न्यूटस बहुधा पाण्याकाठच्या बोरूंत व उंच गवतात राहतो. पॅटॅजिएटस झुडपांवर अधिक आढळतो.

या तिन्ही जाती आजही वैध आहेत. त्यांना ओळखताना खूण आणि वसतिस्थान ही दोन्ही लक्षणे जोडून पाहिल्यास बरोबर अंदाज येतो. मात्र पानाची नक्षी अस्पष्ट असेल किंवा कोळी नेहमीच्या जागेपासून दूर सापडला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय खात्री देता येत नाही.

तराफा कोळी

पाणथळ जागी राहणाऱ्या डोलोमेडीस प्रजातीच्या मोठ्या कोळ्यांना तराफा कोळी म्हणतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पुढचे पाय टेकवून ते भक्ष्याच्या हालचालीची कंपने टिपतात आणि धोका दिसताच पाण्याखाली जातात. यांपैकी फिम्ब्रिएटस व प्लँटॅरियस या दोन युरोपीय जाती क्लेर्क यांनी १७५७ मध्येच वेगळ्या केल्या होत्या. दोन्ही गडद तपकिरी असून शरीराच्या दोन्ही कडांनी फिकट पट्टे असतात. काही कोळ्यांत हे पट्टे अजिबात नसतात, आणि हे दोन्ही जातींत घडते.

दोहोंतील साम्यामुळे त्यांच्या नोंदींत गोंधळ होत राहिला. ब्रिटनमध्ये प्लँटॅरियस राहतो हे १९५६ साली कळले. इंग्लंडच्या सफोक व नॉरफोक परगण्यांच्या सीमेवरील रेडग्रेव्ह आणि लोफम या दलदलीत एरिक डफी यांना तो सापडला. तोपर्यंत तेथे फक्त फिम्ब्रिएटस असल्याचे मानले जात होते. प्लँटॅरियस अतिशय दुर्मीळ असून ब्रिटनमध्ये त्याच्या मोजक्याच नैसर्गिक वसाहती आहेत. भूजलाच्या उपशामुळे रेडग्रेव्ह व लोफमची दलदल कोरडी पडू लागली, तेव्हा तेथील वसाहत धोक्यात आली. पुढे उपसा थांबवण्यात आला आणि २०१० पासून प्लँटॅरियसची पिले वाढवून नव्या पाणथळ जागी सोडण्यात आली. दोन्ही जाती एकच मानल्या गेल्या असत्या, तर दुर्मीळ जातीचा ऱ्हास सामान्य जातीच्या आडोशाला लपून राहिला असता. क्लेर्क यांनी केलेला भेद जतनाच्या कामात असा उपयोगी पडला.

खुणांची मर्यादा आणि नंतरची पद्धत

क्लेर्क यांच्या ग्रंथातील चुका मुख्यतः तीन कारणांनी झालेल्या दिसतात. पहिले कारण म्हणजे एकाच जातीत अनेक रंगरूपे असणे. ओव्हाटा व मार्मोरियस ही त्याची उदाहरणे. दुसरे कारण नर व मादी यांतील फरक. मायक्रोमाटा व्हायरेसेन्स या कोळ्याची मादी हिरवीगार असते, तर प्रौढ नराच्या उदरावर लाल पट्टे असतात. क्लेर्क यांच्या ग्रंथातील व्हायरेसेन्स व रोझियस ही दोन्ही नावे आज याच एका जातीची मानली जातात. तिसरे कारण एकाच कोळ्याचा रंग बदलणे हे होय. मिसुमेना व्हाटिया या खेकडा कोळ्याला क्लेर्क यांनीच नाव दिले. त्याची मादी बसलेल्या फुलानुसार काही दिवसांत पांढऱ्याची पिवळी किंवा पिवळ्याची पांढरी होऊ शकते. नर मात्र लहान व गडद असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळ्यांच्या जाती ठरवण्यासाठी प्रजननाच्या अवयवांची रचना हे प्रमुख लक्षण मानले जाऊ लागले. नर कोळ्याच्या तोंडाजवळ संस्पर्शक नावाचे दोन उपांग असतात. प्रौढपणी त्यांची टोके फुगीर होतात आणि मीलनासाठी वापरली जातात. मादीच्या उदराखाली जननरंध्राजवळ एक कठीण पट्टी असते. या दोन्ही अवयवांचा आकार प्रत्येक जातीत बहुधा ठरावीक असतो, आणि रंग फिका पडला तरी तो टिकून राहतो. मद्यार्कात ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचीही त्यामुळे फेरतपासणी करता येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. हे अवयव शेवटची कात टाकल्यानंतरच पूर्ण विकसित होतात, म्हणून अल्पवयीन कोळ्यांना ती लागू पडत नाही. शिवाय तपासणीसाठी कोळी पकडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. बागेत किंवा रानात कोळी पाहणाऱ्यास आजही सुरुवात डोळ्यांची मांडणी, जाळे, वसतिस्थान व खुणा यांपासूनच करावी लागते. क्लेर्क यांनी अनुसरलेला क्रम तोच होता. खुणेवरून मिळणारे उत्तर काही जातींत पुरेसे असते आणि काहींत तात्पुरते मानावे लागते, हा विवेक नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातला.

फुलपाखरांचा चित्रग्रंथ

कोळ्यांवरील ग्रंथानंतर क्लेर्क यांनी ‘इकोनेस इन्सेक्टोरम रॅरिओरम’ (अर्थ: दुर्मीळ कीटकांची चित्रे) हा चित्रग्रंथ हाती घेतला. १७५९ पासून तो भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यात ५५ चित्रपट्टे असून फुलपाखरे व पतंग यांच्या शेकडो आकृत्या आहेत. स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिने ड्रॉटनिंगहोम राजवाड्यात देशोदेशींच्या कीटकांचा मोठा संग्रह जमवला होता. लिनियस यांनी याच संग्रहाचे वर्णन करणारा ग्रंथ १७६४ साली प्रसिद्ध केला. त्या संग्रहातील अनेक फुलपाखरांची चित्रे क्लेर्क यांच्या ग्रंथात आहेत. लिनियस यांची वर्णने थोडक्यात असल्याने त्यांना नेमके कोणते फुलपाखरू अभिप्रेत होते, हे ठरवण्यासाठी ही चित्रे उपयुक्त ठरतात.

निधन

२२ जुलै १७६५ रोजी क्लेर्क यांचे निधन झाले.

नामकरणाच्या नियमांतील स्थान

क्लेर्क यांची नावे मान्य करावीत की नाही, यावर दीर्घकाळ मतभेद राहिला. प्राण्यांच्या वैज्ञानिक नावांचा आरंभ लिनियस यांच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीपासून धरण्याचा प्रघात पडला. त्यापूर्वीची सर्व नावे रद्द समजावीत, असा नियम काटेकोरपणे लावल्यास क्लेर्क यांचा १७५७ चा ग्रंथ अवघ्या एका वर्षाने बाद होत होता. त्याऐवजी लिनियस व अन्य लेखकांची नंतरची नावे वापरावी लागली असती. फुलीच्या कोळ्याला क्लेर्क यांनी डायडेमाटस म्हटले होते, तर लिनियस यांनी १७५८ साली त्यालाच ‘अरेनिया डायडेमा’ हे नाव दिले. अशी दुहेरी नावे प्रचारात राहिल्याने ग्रंथांतून व संग्रहालयांतून घोटाळा होत असे.

स्वीडिश कोळीशास्त्रज्ञ टामेर्लान थोरेल (१८३०–१९०१) यांनी युरोपीय कोळ्यांवरील आपल्या लेखनात क्लेर्क यांच्या नावांचा पुरस्कार केला. अखेरीस आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत या प्रश्नाचा निकाल लागला. संहितेनुसार प्राण्यांच्या नामकरणाचा आरंभदिन १ जानेवारी १७५८ हा आहे. लिनियस यांची दहावी आवृत्ती आणि क्लेर्क यांचा कोळ्यांवरील ग्रंथ या दोन्ही कृती त्याच दिवशी प्रसिद्ध झाल्या असे मानले जाते. दोन्ही ग्रंथांतील नावांत संघर्ष आल्यास क्लेर्क यांच्या नावाला अग्रक्रम मिळतो. या संहितेत असा अपवाद फक्त याच एका ग्रंथासाठी केलेला आहे.

कोळ्याच्या नावापुढे लेखकाचे नाव व वर्ष लिहिताना आजही १७५७ हेच वर्ष दिले जाते. जाती मूळ प्रजातीतच राहिली असेल तर ते कंसाविना लिहितात. उदाहरणार्थ, अरेनियस डायडेमाटस क्लेर्क, १७५७. जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल तर कंस वापरतात. उदाहरणार्थ, लॅरिनिऑइडीस कॉर्न्यूटस (क्लेर्क, १७५७). क्लेर्क यांनी सर्व कोळी एकाच प्रजातीत ठेवले होते आणि पुढे त्यांची विभागणी अनेक प्रजातींत व कुलांत झाली. म्हणून त्यांचे नाव बहुतेक ठिकाणी कंसात आढळते.

वारसा

जगातील कोळ्यांच्या जातींची सूची ठेवणारा ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’ स्वित्झर्लंडमधील बर्न येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून चालवला जातो. त्यातील सर्वांत जुनी वैध नावे क्लेर्क यांची आहेत. २०२२ साली या सूचीने ५०,००० जातींचा टप्पा ओलांडला. भारतातील कोळ्यांसह जगातील प्रत्येक कोळ्याच्या नावाचा अग्रक्रम ठरवताना हीच आरंभमर्यादा लागू होते.

क्लेर्क यांनी नाव दिलेल्या अरेनियस डायडेमाटस या जातीचा उपयोग जाळे विणण्याच्या वर्तनावरील प्रयोगांत मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात वजनरहित अवस्थेत जाळे विणण्यासाठी अरबेला व अनिता ही नावे दिलेल्या दोन माद्या नेण्यात आल्या, त्या याच जातीच्या होत्या.

लिनियस यांनी एका इवल्या पतंगाला क्लेर्क यांच्या सन्मानार्थ क्लेर्केला हे जातिनाम दिले. लिओनेशिया क्लेर्केला या नावाने तो आज ओळखला जातो. त्याची अळी सफरचंद, चेरी आदी झाडांच्या पानांच्या आत नागमोडी बोगदे पोखरते, आणि त्या नागमोडी रेघेवरून तिची ओळख पटते.